डिस्को गोळ्याखालची मोकळी जागा

मित्रांनो, बेळगावजवळच्या वडगावात एका विणकराच्या घरी, मागाच्या खोलीत, आढ्याला एक आरशांचा गोळा टांगलेला आहे. एका बाजूने चेपलेला, काचांवर डाग पडलेला. तोच मी. एके काळी मला सगळे डिस्को गोळा म्हणत. मुले तर नुसते ‘डिस्को’ म्हणत, जणू ते माझे नावच. बेळगावात, निपाणीत, पार सदलग्यापर्यंत मी कितीतरी मुलांचे वाढदिवस पाहिले. सगळे वरून पाहिले. म्हणूनच खाली उभ्या असलेल्या मोठ्या माणसांना जे दिसत नसे, ते मला दिसे. तेच आज तुम्हांला सांगायचे आहे. ऐकताना अंगावर काटा येईल, पण मधेच उठून जाऊ नका.

मला यल्लाप्पाने घडवले. तो मूळचा विणकर. गल्लीत घरोघरी यंत्रमाग आले आणि त्याच्या हातमागाला काम उरले नाही, तेव्हा तो मांडवात लाइटिंग करू लागला. गणपतीत हलते देखावे करावेत तर यल्लाप्पाने, असे लोक म्हणत. त्याची बायको तानीबाई. त्यांना एकच मुलगी होती, गुणा.

गुणाचा डावा पाय लहानपणीच्या तापात अधू झाला होता. ती तो ओढत चाले. धावणे तिला जमत नसे. पण येळ्ळूरच्या जत्रेतून आणलेला एक छोटा गोल आरसा तिच्याजवळ होता. सकाळी ऊन दारात आले की ती उंबऱ्यावर बसून आरशातून कवडसा पाडी. कवडसा भिंतीवर, अंगणात, मागावर, कुणाच्या पाठीवर पळे, आणि गल्लीतली सगळी मुले तो पकडायला उड्या मारत. स्वतः एका जागी बसून गुणा साऱ्या गल्लीला नाचवी.

एका पावसाळ्यात गुणाला पुन्हा ताप आला, आणि त्यातून ती उठली नाही. तानीबाईने तो आरसा लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. घरात गुणाचे नाव निघेनासे झाले.

हे सगळे माझ्या जन्माआधीचे. मग मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. ते आता कळेल.

त्यानंतर दोनेक वर्षांनी डिस्कोचे खूळ आले. हॉटेलात, रिक्षात, पानाच्या दुकानात तीच गाणी. शहरातली छोटी मुले आईबापांपाशी हट्ट धरू लागली की वाढदिवसाला आम्हांला डिस्को पाहिजे. आईबापांना ते काय आणि कसे करायचे हे ठाऊक नव्हते. यल्लाप्पाच्या मनात एक विचार आला. त्याचा मित्र भरमू याच्याकडे टेम्पो होता, टेप होता, दोन मोठे स्पीकर होते. दिवे आणि पताका यल्लाप्पाकडे होत्याच. हवा होता फक्त मी.

मातीच्या घागरीवर कागदाचा लगदा थापून त्याने मला गोल केले. आत लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा घातला, म्हणून मी दिसतो त्यापेक्षा बराच जड आहे. देखाव्यातली जुनी मोटर माझ्या डोक्यावर बसवली. न्हाव्याच्या दुकानातला एक मोठा जुना आरसा आणून त्याने त्याचे चौकोनी तुकडे कापले आणि एकेक करून माझ्या अंगावर चिकटवले. शेवटी एका तुकड्याची जागा राहिली आणि काच संपली.

यल्लाप्पा उठून बाजारात जायला निघाला. तेवढ्यात तानीबाई पेटी उघडून गुणाचा आरसा घेऊन आली.

“येवढ्या जाग्याला हे घ्या,” ती म्हणाली.

“ते नगं, तानी. ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ.”

“पेटीत पडून काय करायचं हाय त्येनं? पोरांत ऱ्हाऊ दे.”

यल्लाप्पाने बराच वेळ तो आरसा हातात धरला. मग कापला. तो तुकडा माझ्या अंगाला चिकटला, तेव्हा ती उंबऱ्यावरची सकाळ, ती गल्ली, त्या उड्या, सगळे मला आठवू लागले. दुसऱ्याच्या आठवणी अशा अंगाला चिकटतात, हे मला त्या दिवशी कळले.

मग आमचे दिवस सुरू झाले. यल्लाप्पा घरच्या लोकांना सांगे, “तुमी फकस्त पोराला नवी कापडं घाला. बाकीचा घोर आमच्यावर सोडा.” आणि तसेच होई. दुपारी भरमूचा टेम्पो दारात येई. पंखा उतरवून त्या कडीला मला टांगत. खिडक्यांना पडदे, भिंतींना पताका, कोपऱ्यात फुगे. बेकरीचा केक आणि खाऊच्या पुड्याही हेच आणत. दुधाच्या पावडरीच्या डब्यात बल्ब बसवून यल्लाप्पाने एक दिवा केला होता. संध्याकाळी घरातले दिवे मालवून त्या डब्याचा झोत माझ्यावर सोडला, की शेकडो कवडसे खोलीभर फिरू लागत. मुले एकदम गप्प होत, आणि मग ओरडत नाचू लागत. पार्टी संपली की झाडलोटसुद्धा आमचीच माणसे करीत. घरच्या बाया म्हणत, “यल्लाप्पा, पोराचा वाढदिवस झाला आणि माझं लुगडं चुरगळलंसुद्धा नाही.” माझे कौतुक व्हायचे. मी फुगून जायचो.

ती मोकळी जागा मला पहिल्यांदा कधी दिसली, हे नेमके सांगता येत नाही. एका घरी, गाणे चालू असताना, मला फरशीवर एक ठिपका अंधारलेला दिसला. लहान मुलाच्या अंगाएवढा. माझे सारे कवडसे फिरत होते, पण त्या जागेवर एकही पडत नव्हता. मला वाटले, काच निखळली असेल. पण काच निखळली असती तर तो अंधार माझ्याबरोबर गोल फिरला असता. हा फिरत नव्हता. तो आपल्या चालीने चालत होता. थोडा पुढे सरके, थांबे, मग मागचे ओढून घेतल्यासारखा पुन्हा सरके.

आणि मुले त्याला वाट देत होती.

कुणी त्यांना सांगितले नव्हते. नाचता नाचता ती त्या जागेभोवती वळत, तिच्यात पाय टाकत नसत. मोठ्या माणसांना तेथे काहीच दिसत नव्हते. पुढच्या पार्टीला तेच झाले, आणि त्याच्या पुढच्याही. मग माझ्या ध्यानात आले, की माझ्या अंगावरच्या एकाच तुकड्याचा कवडसा कुठेच पडत नाही. गुणाच्या आरशाच्या तुकड्याचा.

मित्रांनो, मला भीती वाटली. पण टांगलेल्या वस्तूला पळून जाता येत नाही.

टिळकवाडीत प्रमोदिनीबाई म्हणून एक शिक्षिका राहत. त्यांच्या श्रीरंगचा पाचवा वाढदिवस होता. वर्गात मुलांकडे लक्ष ठेवायची त्यांना सवय, त्यामुळे मुले मधेच एक जागा सोडून नाचताहेत हे त्यांनी लगेच हेरले. गाणे थांबल्यावर त्यांनी श्रीरंगला जवळ घेतले.

“तिथे मधे का नाही रे गेलास?”

“तिथे ती नाचते ना.”

“कोण ती?”

“पाय ओढून नाचते ती.” एवढे बोलून श्रीरंग केक खायला पळाला.

यल्लाप्पा शेजारीच वायर गुंडाळत होता. त्याचा हात थांबला. प्रमोदिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “यल्लाप्पा, काम तुमचं चोख आहे. पण हा गोळा पुन्हा नको. मुलं भ्यायली असती तर मी समजूत घातली असती. ती भीत नाहीत, म्हणून मलाच भीती वाटते.”

अशा गोष्टी गावात पसरायला वेळ लागत नाही. ठरलेल्या पार्ट्या मोडू लागल्या. एका दुपारी तानीबाई बाजारात गेली असताना यल्लाप्पाने मला खाली उतरवले. बारीक कुंचला घेतला आणि तो एक तुकडा काळ्या रंगाने रंगवून टाकला. रंगवताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मित्रांनो, रंग वाळला तशी मला आठवणारी ती उंबऱ्यावरची सकाळ विझली. पुढच्या वाढदिवसाला अंधाराची ती जागा आली नाही. मुले खोलीभर नाचली, एकमेकांवर आदळली, हसली. सगळे नीट पार पडले. भरमू खूश झाला. पण यल्लाप्पा दिवा धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मला पुसायचे काम तानीबाईचे असे. एकदा ओल्या फडक्याने काचा पुसताना तिचे बोट त्या काळ्या तुकड्यावर थांबले.

“हे कुणी केलं?”

“मी,” यल्लाप्पा म्हणाला.

“का?”

“लोक बोलायलेत. पोरांस्नी तिथं कोण तरी दिसतंय म्हणत्यात. पाय वढून नाचतंय म्हणत्यात.”

तानीबाईने फडके खाली ठेवले.

“नाचतीय?” तिने विचारले.

यल्लाप्पाने मान डोलावली.

“मला का सांगितलं न्हाईसा?”

“सांगून काय? तुझ्या जिवाला घोर.”

“घोर कसला? पोरगी नाचती म्हणून कळलं असतं की मला.” मग, जणू माझ्याशीच बोलल्यासारखी, ती म्हणाली, “आयुष्यभर आरसा धरून बसली. आता कवडसा पाडत बस म्हणून तिला कोण सांगतंय? खाली उतरली आसंल.”

त्या एका वाक्याने मला सगळे समजले. तिचा कवडसा पडत नव्हता, कारण कवडसा पाडणारी उठून नाचायला गेली होती.

निपाणीचे काम त्याच आठवड्यात आले. उपेंद्र नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने नवा बंगला बांधला होता. त्याची मुलगी मुक्ता हिचा वाढदिवस. आदल्या दिवशी यल्लाप्पा घरी नसताना तानीबाईने रॉकेलात बोळा बुडवून तो तुकडा घासून स्वच्छ केला, आणि ती उंबऱ्यावरची सकाळ मला पुन्हा आठवू लागली. त्याला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो निघताना ती येऊन बसली.

“खाऊच्या पुड्या बांधायला मी बी येतो,” ती म्हणाली. ती पूर्वी कधीच आली नव्हती. यल्लाप्पाने तिला नको म्हटले नाही.

बंगल्याचा दिवाणखाना मोठा होता. भरमूने शिडीवर चढून पंखा उतरवला आणि छतातली कडी हाताने ओढून पाहिली.

“कडी बारकी हाय रं,” तो म्हणाला.

यल्लाप्पाने घरमालकाला विचारले, “मालक, कडी पक्की हाय न्हवं?”

“नवं घर आहे, यल्लाप्पा. बिनघोर टांगा,” उपेंद्र म्हणाला. त्याला तसेच वाटत होते. कडीभोवतीचे सिमेंट गवंड्याने वरवर भरलेले होते, हे त्याला तरी कुठे ठाऊक होते?

मला टांगले. मोटर सुरू झाली, तेव्हा माझ्या डोक्यावर बारीक वाळू पडल्याचे मला जाणवले. थोडी पडली, थांबली, पुन्हा पडली. मला ओरडता येत असते तर मी ओरडलो असतो. स्पीकरचा आवाज एवढा होता की वाळूचा कुणाला ऐकू येणार?

दिवे मालवले. झोत माझ्यावर आला. मुले नाचू लागली. आणि ती जागा आली.

एरवी ती इकडेतिकडे हिंडे. त्या दिवशी ती दाराकडून निघाली, पाय ओढत सरळ माझ्या खाली आली आणि थांबली. मग हलली नाही. गाणे जोरात चालले होते, माझे कवडसे भोवती गरगरत होते, आणि मधोमध तो अंधार स्थिर उभा होता. बघता बघता तो रुंद झाला. मुले मागे सरली. नाचत होती, पण कडेकडेने, भिंतींना लागून.

स्वयंपाकघराच्या दारात तानीबाई चिवड्याची पुडी हातात घेऊन उभी होती. ती त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. तिला काय दिसले ते मला सांगता येणार नाही. पुडी तिच्या हातून खाली पडली, तरी तिने डोळे हलवले नाहीत.

उपेंद्र कॅमेरा घेऊन पुढे आला. “अरे, सगळे भिंतीला काय चिकटलात? मधे या, गोळ्याखाली. फोटो काढायचाय.”

एकही मूल हलले नाही.

“मुक्ता, तू ये आधी.”

“तिथे जागा नाही, बाबा.”

“सगळी जागा मोकळी आहे की.”

“नाही.”

चारचौघांत लेक ऐकत नाही म्हणून त्याला राग आला. त्याने तिचा दंड धरला आणि तिला मधल्या जागेच्या कडेपर्यंत ओढले. मुक्ता फरशीवर बसली आणि अंग टाकून दिले. तो तिला उचलायला वाकला. तेवढ्यात माझ्या डोक्यावर काहीतरी सुटले. आधी सिमेंटचा एक मोठा ढलपा गेला. त्याच्या मागोमाग मी.

पडताना मला त्या अंधारातून जावे लागले, मित्रांनो. तेथे गार होते. आणि अगदी एकदाच, कुणीतरी मला दोन्ही हातांनी बाजूला ढकलावे तसे झाले. मी मुक्ताच्या आणि उपेंद्रच्या पलीकडे जाऊन आपटलो.

दिवे लागले. टेप तसाच वाजत राहिला, शेवटी भरमूने तो बंद केला. उपेंद्रची बायको सुनंदा एकेका मुलाजवळ जाऊन त्याचे डोके, हात, पाय चाचपत होती. कुणालाही खरचटलेसुद्धा नव्हते. उपेंद्र फरशीवर बसला होता.

“तू मधे का आली नाहीस?” त्याने लेकीला विचारले.

“तिने हात आडवे धरले होते,” मुक्ता म्हणाली.

तानीबाई काचांमधून चालत माझ्याजवळ आली आणि खाली बसली. यल्लाप्पाही आला. त्याने मला उलटे केले आणि तो तुकडा शोधला. तुकडा शाबूत होता, आणि त्यावर रंग नव्हता.

“रंग कुणी काढला?”

“मी काढला.”

यल्लाप्पाने बायकोकडे पाहिले. आजूबाजूला परके लोक उभे आहेत याचेही त्याला भान राहिले नाही. तो रडत म्हणाला, “बरं केलंस.”

त्याने मला दुरुस्त केले, पण चेपलेली बाजू चेपलेलीच राहिली. तेव्हापासून कुठेही मला टांगण्याआधी तो त्या कडीला वाळूचे भरलेले पोते टांगून ठेवी, आणि चहा पिऊन होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसे. लोक हसत. तो हसू देई.

ती अंधाराची जागा मात्र पुन्हा कधी आली नाही. गुणाच्या आरशाचा तुकडा त्यानंतर इतर काचांसारखा कवडसा पाडू लागला. मुले खोलीभर नाचत. मला मात्र खाली बघताना काहीतरी हरवल्यासारखे वाटे.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी तानीबाई नवऱ्याला म्हणाली, “साऱ्या गावाच्या पोरांचं करतासा. आपल्या पोरीचं कवा करायचं?”

गुणाचा वाढदिवस त्या घरात कधीच झाला नव्हता. यल्लाप्पाने मागाच्या खोलीत मला टांगले, खिडक्यांवर घोंगडी लावली आणि केक आणला. गल्लीतली मुले आली. गुणाच्या कवडशामागे उड्या मारणारी ती मुले आता मोठी झाली होती. गाणे लागले. कुणी सांगितले नसताना त्यांनी मधली जागा सोडली आणि ती गुणाची वाट बघत उभी राहिली.

तेथे अंधार नव्हता. माझे कवडसे त्या रिकाम्या जमिनीवरून फिरत होते.

तानीबाई मागाला टेकून उभी होती. शेवटी त्यांच्यातली एक मुलगी, अक्काताई, तिच्याजवळ गेली.

“काकू, तिथं कोण न्हाय,” ती हळूच म्हणाली. “तुमी या.”

तानीबाई पुढे आली आणि त्या जागेत उभी राहिली. कवडसे तिच्या तोंडावरून, पांढऱ्या केसांवरून गेले. मग तिने डावा पाय ओढला. थोडी पुढे सरकली, थांबली, पुन्हा ओढला. मुले बघत राहिली. अक्काताईने आपला पाय तसाच ओढला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. यल्लाप्पा डब्याचा दिवा धरून उभा होता. त्यानेही जागच्या जागी पाय ओढला, तसे भिंतींवरचे सगळे कवडसे हलले. गाणे संपेपर्यंत सगळे तसेच नाचले, आणि मुलांनी मोठ्याने गुणाचे नाव घेतले. कितीतरी वर्षांनी त्या घरात ते नाव ऐकू आले.

पुढे बाजारात तयार रंगीत दिवे आले आणि माझे काम थांबले. मोटरही गेली. आता मी येथेच असतो. त्याचे मला वाईट वाटत नाही. पण तुमच्याकडे एक मागणे आहे, मित्रांनो. लहान मुलांच्या डोक्यावर काही टांगणार असाल तर कडी नीट ओढून बघा. घरातले कुणी गेले असेल, तर लोकांच्या भीतीने त्याच्या नावावर काळा रंग फासू नका, ते नाव घेत राहा. आणि तुमच्या वाढदिवसाला कुणी पाय ओढत येईल, तेव्हा त्याला आरसा धरून बसायला सांगू नका. गाणे तेच ठेवा. तुम्ही जरा हळू नाचा.